'काही नाही गं, पित्तच आहे!'

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमची भिशी होती. नऊजणी जमलो होतो. कांदाभजी झाली, चहा झाला आणि एकीनं पदरानं तोंड पुसत विचारलं, "कुणाकडे पित्ताची गोळी आहे का गं? आत्ताच घेतलेली बरी, नाहीतर रात्रभर जळजळतं." भराभर पर्स उघडल्या गेल्या. नऊ पर्समधून सात पाकिटं निघाली! कुणाची गुलाबी, कुणाची पिवळी, दोघींकडे पाण्यात टाकून प्यायची पुडी. "अगं, माझी घे, माझी भारी आहे," अशी चढाओढ सुद्धा झाली. सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले, पण घरी आल्यावर मला काही झोप लागेना.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेली, घर सांभाळणारी साधी बाई. पण महिला मंडळ आणि बचत गटाच्या निमित्तानं आमच्या सांगली भागातल्या बायकांना घेऊन सरकारी दवाखान्याच्या बाकावर गेली अठरा वर्षं बसते आहे. तिथं जे ऐकलं आणि आमच्या घरात जे घडलं, त्यावरून हे लिहिते.

आपल्याकडे 'पित्त' हा शब्द म्हणजे आजीची जुनी पेटी. त्यात काहीही कोंबा, मावतं. छातीत जळजळलं, पित्त. डोकं दुखलं, पित्त. करपट ढेकर आली, मळमळलं, पोट फुगलं, पित्तच. परसाकडे साफ होत नाही, तेही पित्तानं. इतकंच काय, सासूबाई करवादल्या तरी आपण म्हणतो, पित्त खवळलंय! एकदा दुखण्याला हे नाव दिलं की मग कुणाला काही विचारायचंच नाही. मेडिकलच्या दुकानात जायचं, "नेहमीची द्या" म्हणायचं आणि कामाला लागायचं.

खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा दुखणं तसं साधंच असतं आणि त्याचं मूळ आपल्याच स्वयंपाकघरात सापडतं. पहाटे पाचला उठून अनशापोटी कडक चहा, तोही दोनदा. डबे, पूजा, धुणी उरकेपर्यंत अकरा वाजतात, तोवर पोटात काही नाही. मग कालची उरलेली भाकरी आणि खरडा. संध्याकाळी सगळ्यांची पानं झाल्यावर साडेदहाला आपण बसणार, पातेल्यात उरलेलं टाकवत नाही म्हणून ते संपवणार आणि ओटा पुसला की लगेच आडव्या होणार. पोटातलं आम्ल वर घशाशी येणार नाही तर काय! त्यात आठवड्याला दोन उपवास, आणि उपवास म्हणजे साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, तळलेले पापड. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवलं, दोन घास वेळेवर खाल्ले, तरी कितीतरी बायकांची गोळी सुटते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणखी एक गोष्ट कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. बाजाराच्या दिवशी, लग्नाला, एस.टी.च्या प्रवासात आपण पाणी पीत नाही, कारण बाईमाणसानं जायचं कुठं? घरातही सकाळी संडासाला आधी मुलं, मग मालक, मग आपण. तोपर्यंत वेळ टळलेली असते. वर्षानुवर्षं असं दाबून ठेवल्यावर बद्धकोष्ठ होणारच. मग आमच्याकडच्या कितीतरी बायका म्हणतात, "मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही बघा." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की! तंबाखूतल्या निकोटिननं आतडं ढवळलं जातं, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण सवय लागते आणि तोंडाच्या कॅन्सरला आमंत्रण जातं ते वेगळंच.

माझ्या स्वतःच्या पर्समध्येही दोन वर्षं गोळ्या होत्या. रिकाम्या पोटी वरच्या बाजूला कुरतडल्यासारखं दुखायचं, रात्री दोन वाजता जाग यायची. बिस्किट खाल्लं की थांबायचं. शेवटी आमच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमनी मलाच पकडलं. "इतरांना घेऊन येता, तुमचं काय?" तपासणीत निघाला एक जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी त्याचं नाव. हा जठरात घर करून राहतो. भारतात तो फार मोठ्या संख्येनं लोकांच्या पोटात असतो, बहुतेकांना काही त्रास देत नाही, पण काहींना सूज आणि अल्सर करतो. अल्सर काळजीनं आणि तिखटानंच होतो असं पूर्वी डॉक्टरसुद्धा मानायचे. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल या डॉक्टरचं कुणी ऐकेना, तेव्हा १९८४ मध्ये त्यानं हे जंतू चक्क स्वतःच पिऊन टाकले आणि जठराला सूज आणून दाखवली! २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरन या त्याच्या सहकाऱ्याला नोबेल मिळालं. मला चौदा दिवस मूठभर गोळ्या खाव्या लागल्या. तोंडाला कडू चव यायची, पाचव्या दिवशी सोडून द्याव्या असं वाटलं. सोडल्या नाहीत, म्हणून सुटले. यात एक गोष्ट कळली, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. या जंतूच्या तपासणीआधी आम्लाची गोळी साधारण दोन आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही तपासणीत दिसत नाही. म्हणून कुठली गोळी किती दिवस घेताय, हे डॉक्टरांपासून लपवू नका.

माझं बरं झालं, पण आमच्या गल्लीतल्या एका मावशींचं थोडक्यात निभावलं. त्यांचे गुडघे दुखायचे. दुकानातून 'गुडघ्याची गोळी' आणायच्या, ती घेतली की पोटात आग पडायची, म्हणून वर 'पित्ताची गोळी'. वर्षभर हेच. एक दिवस शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं. अंगणवाडीतल्या बाईंकडून आणलेल्या लोहाच्या गोळ्या चालू होत्या, त्यानं काळं होतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी मोरीत चक्कर येऊन पडल्या. हिमोग्लोबिन पाच! वेदनाशामक गोळ्यांनी जठरात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होतं. लोहाच्या गोळीनं शौच काळपट होतं हे खरंच आहे. पण डांबरासारखं चिकट आणि घाण वास येणारं झालं, तर घरी बसून अंदाज करायचा नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पोटाच्या दुखण्यांचं गोत मोठं आहे. तुपातलं, तळलेलं खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत, खांद्यात जात असेल, तर ते पित्ताशयातले खडे असू शकतात. तिथं मात्र पित्ताचा खराच संबंध आहे! चाळिशीतल्या बायकांना हे बरंच होतं, आणि साध्या सोनोग्राफीत दिसतं. दूध प्यायलं की पोट गुरगुरतं, जुलाब होतात, अशा कितीतरीजणी आहेत. मोठेपणी दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होते, त्यात लाजायचं काही नाही, ताक-दही सोसतं का बघावं. कायम बद्धकोष्ठ, अंग जड, थकवा असेल तर दोष थायरॉइडचा असू शकतो. मधुमेह जुना झाला की जठरही सुस्त होतं. वारंवार आव पडत असेल तर पिण्याच्या पाण्याकडे बघावं लागतं. आणि संध्याकाळी कणकण, वजन उतरणं, पोटात मुरडा असं एकत्र असेल तर आतड्याचा क्षयसुद्धा असू शकतो. क्षय म्हणजे फक्त खोकला, असं आपण धरून चालतो. तो पोटातही होतो, औषधं सरकारकडून फुकट मिळतात आणि पूर्ण घेतली तर बरा होतो.

काहीजणींच्या सगळ्या तपासण्या चांगल्या येतात, तरी पोट दुखतं, कधी जुलाब कधी मलावरोध. मुलाची परीक्षा, नवऱ्याचं तिरसट बोलणं, पाहुण्यांची वर्दळ, की वाढतं. याला डॉक्टर आय.बी.एस. म्हणतात. घरचे म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल आहे, नाटकं करते." मला याचा भारी राग येतो. मेंदूचं आणि आतड्याचं नातं पक्कं आहे, दुखणं खरंच असतं आणि त्यावर उपायही असतात. मात्र हे नाव आपलं आपण लावून घ्यायचं नाही, आधी बाकीचं काही नाही ना हे बघून घ्यायचं. विशेषतः पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला, तर नक्कीच.

आता ताईंबद्दल. ताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. २०२१ च्या दिवाळीत त्या चोपन्न वर्षांच्या होत्या. फराळ करताना म्हणाल्या, "अगं, दोन घास खाल्ले की पोट गच्च होतंय." मी त्यांना ओवा आणि सैंधव दिलं. संक्रांतीला परकराची नाडी ढिली बांधायला लागल्या. आम्ही चेष्टा केली, "ताई, पोट सुटलं हो!" त्याही हसल्या. पण बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होत्या, ब्लाउज खांद्यावरून उतरत होते आणि पोट तेवढं वाढत होतं. हे दोन्ही एकाच वेळी कसं होईल, असा प्रश्न आमच्या घरात कुणालाच पडला नाही. मलासुद्धा नाही. मी, जी गावभरच्या बायकांना दवाखान्यात नेते! लघवीला सारखं जावं लागायचं, ते आम्ही वयावर घातलं. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, त्या बदलल्या, पुन्हा बदलल्या. मध्ये एका ठिकाणी दाखवलं, तिथं पोटाला हातही न लावता गॅसची औषधं लिहून मिळाली. दिलासा मिळाला म्हणून आम्हीही पुढं विचारलं नाही. श्रावणात त्यांना धाप लागायला लागली, तेव्हा मिरजेला नेलं. सोनोग्राफीत पोटात पाणी भरलेलं दिसलं. अंडाशयाचा कॅन्सर, आणि तो पसरलेला.

ऑपरेशन झालं, केमो झाले. ताई चौदा महिने होत्या. शेवटी शेवटी एकदा मला म्हणाल्या, "तू ओवा दिलास त्याचं मनाला लावून घेऊ नकोस हं. मलाच वाटलं, पोटाचं काय एवढं सांगायचं." ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

अंडाशयाचा कॅन्सर हा असा फसवा. अंगावरून जात नाही, गाठ हाताला लागत नाही. पोट फुगणं, लवकर भरल्यासारखं वाटणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवी, ही सगळी 'गॅसची' लक्षणं. फरक एवढाच की ती येऊन-जाऊन नसतात, आठवड्यातून तीन-चार दिवस, महिनाभर, अशी चिकटून राहतात आणि वाढत जातात. पाळी गेलेल्या बाईला असं होत असेल तर पोटाची सोनोग्राफी आणि सांगितली तर रक्ततपासणी करून घ्यावी. घरात आई, मावशी, बहिणीला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर तेही आपणहून सांगावं. तुम्हाला घाबरवायला मी हे लिहीत नाही. फुगलेलं पोट बहुतेक वेळा साधंच निघतं. पण साधं आहे हे बघणाऱ्यानं बघून सांगायला हवं, मेडिकलवाल्यानं नाही आणि जावेनं तर मुळीच नाही.

मग कधी थांबायचं नाही? डॉक्टर मॅडमना मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, पथ्यानं आणि साध्या गोळीनं दोन-तीन आठवड्यांत बरं वाटलं नाही, किंवा गोळी बंद केली की पुन्हा पहिले पाढे, तर दाखवायचंच. मात्र न जेवता-खाता सहज वजन उतरतंय, घास अडकतोय, वारंवार उलटी होतेय, शौचाची सवय बदलून महिना झालाय, रक्त कमी भरतंय आणि कारण कळत नाही, डोळे पिवळे दिसतायत, पोटदुखीनं रात्री जाग येतेय, पोटात गोळा लागतोय, यातलं एक जरी असेल तर तीन आठवडेही वाट बघायची नाही. उलटीतून रक्त आलं, डांबरासारखं शौच झालं किंवा पोट दगडासारखं कडक होऊन असह्य दुखलं, तर त्याच घटकेला निघायचं.

शौचातून लाल रक्त दिसलं की आपण लगेच 'मूळव्याध' म्हणून मोकळ्या होतो, आणि एस.टी. स्टँडच्या भिंतीवरची पाटी वाचून 'एका इंजेक्शनात मुळासकट' करणाऱ्याकडे जातो. तो बाबा तपासत नाही, पैसे घेतो. बऱ्याचदा मूळव्याधच असते, पण मोठ्या आतड्याचा कॅन्सरही रक्तानंच सुरुवात करतो आणि तो चाळिशीतल्या बायकांनाही होतो. डॉक्टरांना तिथं तपासू द्यायची लाज वाटते, हे मला कळतं. बाळंतपणात कुठं वाटली होती? लेडी डॉक्टर मागून घ्या, बरोबर बहिणीला न्या, पण तपासू द्या.

आणि एक घाईची गोष्ट. छातीच्या खळगीत जळजळतंय, बरोबर दरदरून घाम, धाप, जबडा किंवा हात भरून येणं, जीव घाबरणं असं असेल तर ते पित्त समजून सोडा पिऊ नका. बायकांचा हार्ट अ‍ॅटॅक पुष्कळदा पित्ताच्या वेषात येतो. मधुमेह असलेल्यांनी तर जास्तच जपावं. १०८ ला फोन करा. रात्रीचे दोन वाजले असले तरी मालकांना उठवा!

दवाखान्यात गेल्यावर आपण काय करतो? "पोटात कसंतरीच होतंय," एवढंच सांगतो. डॉक्टरला तीन मिनिटं असतात, तो तरी काय ओळखणार? म्हणून मी बायकांना एक युक्ती सांगते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आपण दुधाचा हिशोब लिहितो ना, त्याच चौकटीत पंधरा दिवस पोटाचंही लिहायचं. कधी दुखलं, खाण्याआधी की नंतर, काय खाल्लं होतं, शौचाला कसं झालं, कुठली गोळी घेतली. महिन्याच्या एक तारखेला वजन. ते पान फाडून घेऊन जायचं. बरोबर सगळ्या गोळ्यांची पाकिटं, गुडघ्याच्यासुद्धा. दुर्बिणीतून तपासणी सांगितली तर "तोंडातून नळी" म्हणून पळून यायचं नाही. मी केलीय. घशात औषध मारतात, कसंतरी होतं, पण काही मिनिटांत संपतं. आपण बाळंतीण होऊन आलेल्या बायका, एवढ्याला काय भ्यायचं!

पैशाचं म्हणाल तर २०२३ च्या १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत केलेत. मोठं ऑपरेशन निघालं तर महात्मा फुले योजनेत बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारावं. रांग असते, वेळ जातो, हे काही खोटं नाही. पण गोळ्यांच्या पाकिटांवर वर्षाला किती जातात, याचा हिशोब परवा आम्ही भिशीतच केला. एकीचे दोन हजार चारशे निघाले, आणि तिला ते पटेचना.

येत्या बुधवारी सकाळी नऊच्या गाडीनं आम्ही चौघीजणी तालुक्याला निघालोय. ज्या मैत्रिणीनं भिशीत गोळी मागितली, ती पहिली. तिचं पान मी पाहिलं, पंधरा दिवसांतल्या अकरा दिवसांवर खूण आहे. तिच्या मिस्टरांनी विचारलं, "पित्तासाठी एवढ्या लांब?" ती म्हणाली, "भाकरी करून ठेवलीय, आमटी गरम करून घ्या."